‘र’ला जोर लागत नाही

कोल्हापुरात वाढणाऱ्या मुलाला ‘र’ चुकवता येत नाही. गावाच्या नावात ‘र’, रविवारी फिरायला जायचे ते रंकाळ्यावर आणि जेवायला बसले की तांबडा-पांढरा रस्सा. तीन वर्षांचे पोर ‘लंकाला’ आणि ‘पांढला लस्सा’ म्हणते तेव्हा घरातली माणसे कौतुकाने हसतात, पुन्हा म्हणायला लावतात, मोबाइलवर चित्रीकरणही होते. तेच मूल सात वर्षांचे झाल्यावरही ‘लंकाला’च म्हणत असेल, तर हसणारे बदलतात. आता वर्ग हसतो. मूल हात वर करायचे थांबते. उत्तर येत असते, पण त्यात ‘र’ असतो. घरी आई किंवा आजी काळजीपोटी सांगते, ‘‘नीट म्हण बाळा, जोर लावून म्हण, र... र...’’ मूल जोर लावते, जीभ ताठ होते आणि ‘र’ आणखी लांब जातो.

यात मुलाचा दोष नाही आणि आजीचाही नाही. ‘र’ तोंडात नेमका कसा तयार होतो, हे आपल्याला कधी कोणी सांगितलेले नसते. तो आपोआप आला म्हणून आपण म्हणतो. ज्याला तो आला नाही, त्याला काय सांगायचे ते मात्र कळत नाही.

जीभ नव्हे, हवा हलवते

आधी एक छोटा प्रयोग करून पाहा. ‘त-त-त-त’ असे शक्य तितक्या वेगाने म्हणा. कितीही घाई केली तरी एका सेकंदात साधारण सहा-सातच ‘त’ निघतात. स्नायूंना मेंदूकडून हुकूम मिळून जिभेचे टोक वर-खाली करण्याची ही मर्यादा आहे. आता लहान मुलांना पक्षी उडून गेल्याचे सांगताना आपण म्हणतो तसे ‘भुर्रर्र’ म्हणा. त्या लांबलेल्या ‘र्र’मध्ये जिभेचे टोक सेकंदाला पंचवीस ते तीस वेळा टाळूच्या पुढच्या भागावर आपटते. मेंदू एवढ्या वेगाने हुकूम देत नाही. मग जीभ हलवतो कोण?

उत्तर आहे, हवा. वरच्या पुढच्या दातांच्या मागे जीभ फिरवली की हिरडीचा एक खडबडीत उंचवटा लागतो. ‘र’साठी जिभेच्या दोन्ही कडा वरच्या दाढांना चिकटतात, म्हणजे बाजूने हवा निसटत नाही. टोक मात्र सैल राहून त्या उंचवट्याला हलकेच टेकते. फुप्फुसातून येणारी हवा मागे अडते, दाब वाढतो आणि टोक ढकलले जाते. हवा सुटली की दाब उतरतो. जिभेचा लवचीकपणा आणि फटीतून वेगाने जाणारा हवेचा झोत टोकाला पुन्हा जागेवर आणतात. पुन्हा दाब, पुन्हा सुटका. झेंडा वाऱ्यावर फडफडतो तेव्हा कापड स्वतः काही करत नसते. त्याला एका बाजूने धरलेले असते आणि बाकीचे काम वारा करतो. कंपित ‘र’ही असाच आहे. जिभेने फक्त योग्य जागी, योग्य सैलपणाने उभे राहायचे.

म्हणूनच ‘जोर लाव’ ही सूचना उलटी पडते. टोक ताठ झाले की ते फडफडत नाही. हवा पूर्ण अडली तर ‘ड’ ऐकू येतो. टोक वर चिकटून राहिले आणि कडा सुटल्या, तर हवा बाजूने जाते आणि ‘ल’ होतो. टोक वर गेलेच नाही आणि जिभेचा मधला भाग उचलला गेला, तर ‘य’ होतो. ‘राजा’चा कुणी ‘लाजा’ करतो, कुणी ‘याजा’ करतो, त्यामागे हेच आहे. मूल आळशी नसते किंवा त्याची जीभ ‘जड’ही नसते. कडा बंद आणि टोक सैल ही जोडी त्याला अजून सापडलेली नसते, एवढेच.

गंमत म्हणजे आपला आवाज मुळातच अशा फडफडण्यातून तयार होतो. घशातील स्वरतंतू मिटलेले असताना खालून हवा येते, ते उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. पुरुषांमध्ये हे सेकंदाला सुमारे शंभर-सव्वाशे वेळा आणि स्त्रियांमध्ये दोनशेच्या आसपास घडते. प्रत्येक उघडझापीसाठी मज्जातंतूंकडून वेगळा हुकूम येत नाही. स्नायूंचा ताण आणि हवेचा दाब मिळून हे काम होते, ही मांडणी डच संशोधक व्हान डेन बर्ग यांनी १९५८ मध्ये केली आणि आवाजशास्त्रात ती आजही पायाभूत मानली जाते. म्हणजे ज्याला ‘र’ येत नाही, त्याच्याही गळ्यात हे तंत्र दिवसभर चालू असते. ते जिभेच्या टोकापर्यंत आणायचे बाकी असते.

एक टिचकी की थरथर?

मराठीत आपण ‘र’ एकच लिहितो, पण नेहमी एकसारखा म्हणत नाही. ‘घरी’, ‘बरा’, ‘तारा’ या शब्दांत जीभ बहुतेक वेळा एकदाच टिचकी मारते. ‘अर्रर्र’, ‘भुर्रकन’ म्हणताना ती थरथरते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातील खोल जागा. हे दोन शब्द सावकाश म्हणून पाहा. ‘दर्या’मध्ये ‘र’चा भार आधीच्या ‘द’वर पडतो. ‘दऱ्या’मध्ये तो भार पडत नाही, जीभ हलकी टिचकी मारून पुढच्या ‘या’त शिरते. हा बारीक फरक दाखवण्यासाठी मराठीने लिपीत वेगळी खूण ठेवली आहे. पन्हाळ्यावरून दऱ्या पाहणाऱ्या माणसाला व्याकरण माहीत नसले तरी त्याची जीभ हा फरक बिनचूक करते.

स्पॅनिश भाषेत याच फरकाने अर्थ बदलतो. एका टिचकीचा ‘पेरो’ म्हणजे ‘पण’, आणि थरथरणाऱ्या ‘र’चा ‘पेर्रो’ म्हणजे ‘कुत्रा’. चेक भाषेत तर ‘र’ची थरथर आणि ‘झ’सारखी घासणारी हवा एकाच वेळी काढावी लागते. संगीतकार द्वोर्झाक यांच्या नावात तो आवाज आहे. चेक मुलांना तो सगळ्यात शेवटी जमतो आणि अनेकांना त्यासाठी स्पीच थेरपिस्टची मदत घ्यावी लागते.

फार लांब जायला नको. तमिळनाडूत निलगिरीच्या डोंगरात राहणाऱ्या तोडा समाजाच्या भाषेत थरथरणारे ‘र’ तीन वेगवेगळ्या जागी होतात. एक दातांजवळ, एक हिरडीच्या उंचवट्यावर आणि एक जीभ मागे वळवून. शिवाय प्रत्येकाची ‘य’कडे झुकणारी आणखी एक जात आहे. ध्वनिशास्त्रज्ञ पीटर लॅडेफोगेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ‘र’कारांवरचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. तोडांच्या वस्तीत आपल्यातला वकील किंवा वक्ता गेला, तर तोही बोबडाच ठरेल.

थरथर फक्त जिभेची नसते. पापुआ न्यू गिनीतील काही भाषांमध्ये ओठांची थरथर हे चक्क एक व्यंजन आहे. दात न आलेले बाळ ओठ फुरफुरवत ‘ब्र्र्र’ करते, तोच हा आवाज. गायक गळा तापवण्यासाठी तो वापरतात आणि आवाजाचे उपचार करणारे तज्ज्ञही तो करून घेतात. ओठ असे फडफडत असताना स्वरतंतूंवरचा ताण कमी होतो. दिवसभर वर्गात बोलून घसा बसणाऱ्या शिक्षकांसाठी हा साधा व्यायाम आहे. मात्र दोन-तीन आठवडे आवाज बसलेलाच राहिला, तर व्यायामावर विसंबू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू तपासून घ्यावेत.

स्वर : जिथे जीभ कुठेच टेकत नाही

व्यंजनात जीभ किंवा ओठ कुठेतरी अडवतात, घासतात, टिचकी मारतात. स्वरात तसे काहीच होत नाही, म्हणून स्वर शिकवणे जास्त अवघड. तिथे फक्त तोंडाच्या पोकळीचा आकार बदलतो. घागर भरताना पाणी वर येते तसा तिचा आवाज बदलत जातो, तसेच हे. आणखी एक प्रयोग करा. आवाज न काढता, कुजबुजत ‘ऊ, ओ, आ, ए, ई’ म्हणा. स्वरतंतू कंप पावत नसतानाही कुजबूज खालून वर चढत गेल्यासारखी वाटेल. ही चढण तोंडाच्या आकाराची आहे. ‘आ’मध्ये जबडा खाली जातो आणि पुढची पोकळी मोठी होते. ‘ई’मध्ये जीभ पुढे वर उचलली जाते आणि ओठ ताणले जातात. ‘ऊ’मध्ये जीभ मागे जाते आणि ओठांचा चंबू होतो. कोल्हापूर दरबाराचे गायक उस्ताद अल्लादियाँ खाँ (१८५५–१९४६) यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची ओळख ज्या खुल्या आकारात आहे, त्याची सुरुवातही मोकळ्या सुटलेल्या जबड्यापासून होते.

मराठीत जीभ पुढे असेल तर ओठ पसरलेले आणि जीभ मागे असेल तर ओठ गोल, अशी जोडी ठरलेली आहे. ही जोडी मोडली की आपल्याला ‘विचित्र’ वाटणारा स्वर मिळतो. ‘ई’ म्हणा. आवाज चालू ठेवा, जीभ अजिबात हलवू नका आणि फक्त ओठांचा ‘ऊ’सारखा चंबू करा. जो आवाज निघाला, तो जर्मन आणि फ्रेंचमधला नेहमीचा स्वर आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. तिकडे जाण्यासाठी जर्मन शिकू पाहणाऱ्यांना त्या राज्याच्या नावातच हा स्वर भेटतो. देवनागरीत तो ‘व्यु’ असा कसाबसा लिहावा लागतो. पाठ करून तो येत नाही, ओठ आणि जीभ वेगवेगळे हलवता आले की येतो.

काही स्वर आपण मिळवले, काही गमावले. ‘बॅट’ आणि ‘ऑफिस’मधले स्वर इंग्रजीतून आले. आधीच्या पिढीच्या तोंडी ‘ब्याट’ आणि ‘हापिस’ होते. पुढे हे स्वर इतके रुळले, की २००९ च्या शासन निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना मराठी वर्णमालेत जागा मिळाली.

गमावलेला स्वर म्हणजे ‘ऋ’. वर्णमालेत तो आहे, पण आपण त्याला ‘रु’ म्हणतो आणि हिंदी भाषक ‘रि’ म्हणतात. मुळात तो ‘र’ही नव्हता आणि ‘रु’ही नव्हता. ‘र’च स्वर होऊन अक्षराचा भार पेलत असे. कोल्हापूर जिल्ह्यात कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडी आहे. नदीच्या नावात ‘ऋ’ आणि गावाच्या नावातही ‘ऋ’. प्रत्यक्षात आपण म्हणतो ‘क्रुष्णा’, आणि गावाला तर ‘नरसोबाची वाडी’. ‘ऋ’ कसा असेल याची कल्पना यायची, तर चेक प्रजासत्ताकातील बृनो शहराच्या नावात मधे कोणताही स्वर न घालता ‘र’वरच अक्षर उभे असते. त्या भाषेत मानेला ‘कृक’ म्हणतात, तिथेही तसेच. निलगिरीतील बडगा भाषेत जीभ मागे वळवून म्हटलेले स्वर एम. बी. एमेनो यांनी १९३९ मध्ये नोंदवले होते. माणसाच्या तोंडाला किती काय जमू शकते, याचा हा नमुना.

आपलेही आवाज कुणाला तरी अवघड

हे सगळे वाचून आपले मराठी उच्चार साधे आणि बाकीचे अवघड, असे वाटत असेल, तर फक्त ‘पन्हाळा’ म्हणून पाहा. ‘न्ह’मध्ये ‘न’ म्हणता म्हणता स्वरतंतू थोडे सैल करून श्वास मिसळावा लागतो. ‘कोल्हापूर’मधल्या ‘ल्ह’मध्येही तेच. असे श्वासमिश्रित ‘न्ह’, ‘म्ह’, ‘ल्ह’ जगातील फार थोड्या भाषांत आहेत. ‘पन्हाळा’च्या शेवटी ‘ळ’ येतो. त्यासाठी जीभ मागे वळवून पुढे फटकारावी लागते. ‘काल’ आणि ‘काळ’, ‘बाल’ आणि ‘बाळ’ यांत आपल्याला लख्ख फरक दिसतो. बाहेरून आलेल्या हिंदी भाषक कामगाराला बहुधा तो ऐकूच येत नाही. मग म्हणणार कुठून? वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. तो दोष नाही, त्या बोलीचा नियम आहे.

म्हणूनच तज्ज्ञ आधी हे पाहतात, की मुलाचा उच्चार त्याच्या घरच्या बोलीप्रमाणे आहे, की त्या बोलीपेक्षाही वेगळा आहे. घरात सगळेच जे म्हणतात ते म्हणणाऱ्या मुलाला उपचाराची गरज नसते. त्याला हवा असतो तो समंजस शिक्षक.

मग काळजी कधी करायची?

‘म’, ‘प’, ‘ब’ ओठांवर दिसतात, म्हणून मुलांना लवकर येतात. ‘र’ दिसत नाही आणि त्याला बारीक तोल लागतो, म्हणून तो उशिरा येणाऱ्या आवाजांपैकी आहे. पाच-सहा वर्षांपर्यंत ‘र’ डळमळीत असणे बहुतेक मुलांत स्वाभाविक असते. सातव्या वर्षानंतरही तो येत नसेल, किंवा त्याआधीच मूल चिडवण्यामुळे बोलायचे टाळू लागले असेल, तर स्पीच थेरपिस्टकडे जावे.

मात्र ‘र’ची वाट पाहताना काही गोष्टींसाठी थांबू नये. दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडता येत नाहीत, हाक मारल्यावर मूल वळत नाही, आलेले शब्द गेले, बोलणे नाकातून येते किंवा कान वारंवार फुटतो, यांतले काहीही असेल तर आधी कान तपासावेत. जे ऐकू येत नाही, ते बोलता येत नाही. श्रवणदोष काही वेळा अर्धवट असतो. मूल हाकेला वळते, पण ‘स’, ‘श’ यांसारखे उंच पट्टीतले आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. बाळ एक महिन्याचे होण्याआधी श्रवण तपासणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचारांची सुरुवात, हे जगभर मान्य झालेले वेळापत्रक आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतील मुलांची श्रवणदोष, दुभंगलेली टाळू आणि भाषेतील विलंब यांसाठी तपासणी होते. तपासणीचे पथक येईल त्या दिवशी मूल शाळेत असेल, एवढे पालकांनी पाहावे. मुंबईत वांद्रे येथे असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रात १९८३ पासून काम करते.

जिभेखालचा पडदा आखूड आहे म्हणून कापून घ्यावा, असा सल्ला अनेकांना मिळतो. जीभ बाहेर काढता येत असेल, वर टेकवता येत असेल आणि बाकीचे उच्चार स्पष्ट असतील, तर केवळ ‘र’साठी शस्त्रक्रियेची गरज सहसा नसते. निर्णय तज्ज्ञांनी तपासूनच घ्यावा. वेखंड उगाळून जिभेवर चोळण्याने ‘र’ येत नाही, कारण प्रश्न जिभेच्या चवीचा नसून तोलाचा आहे. तान्ह्या बाळाला वेखंड देणे त्रासदायक ठरू शकते, आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मध तर देऊच नये.

थेरपिस्ट काय करतात? आधी मुलाला ‘र’ आणि ‘ल’ यांतला फरक ऐकून ओळखता येतो का, ते पाहतात. ‘राजा’ की ‘लाजा’, यातले बरोबर कोणते हे मुलाने बोट दाखवून सांगायचे. मग आरशासमोर जिभेची जागा दाखवतात. नंतर जो आवाज मुलाला येतो, त्याचा आधार घेतात. ‘द-द-द’ किंवा ‘ड-ड-ड’ हलक्या जिभेने, पटापट म्हणता म्हणता टोक एका क्षणी निसटते आणि ‘र’ची टिचकी पडते. मग ‘त्र’, ‘द्र’, पुढे शब्द, वाक्य आणि शेवटी गप्पा. सराव रोज पाच-दहा मिनिटांचा, खेळता खेळता. घरच्यांनी एवढेच करायचे : मूल ‘लंकाला’ म्हणाले तर ‘‘हो, रंकाळ्याला जाऊया’’ असे सहज, स्पष्ट उत्तर द्यायचे. चूक दाखवायची नाही, पुन्हा म्हणायला लावायचे नाही आणि पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही.

एक गोष्ट मोठ्यांसाठी. घाबरल्यावर ‘बोबडी वळली’ असे आपण म्हणतो. पण कालपर्यंत स्वच्छ बोलणाऱ्या माणसाचे शब्द आज अचानक जड झाले, तोंड एका बाजूला वाकले किंवा एका हातातली शक्ती गेली, तर ते भीतीचे लक्षण नसून पक्षाघाताचे असू शकते. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेव्हा ‘झोपून उठल्यावर बरे वाटेल’ असे म्हणत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

मुलाच्या ‘र’ला मात्र अशी घाई नाही. त्याला हवी असते सैल जीभ, पुरेसा श्वास आणि न हसणारे श्रोते. पहिल्या दोन गोष्टी मूल शिकते. तिसरी त्याच्या हातात नसते, ती आपण द्यायची असते.